बोअरमध्ये सुटलेली मोटार आणि उचलीची वही

अंबड तालुक्यातलं एक पंपाचं दुकान. मोटारी विकायच्या, जळालेल्या रिवाइंड करायच्या आणि शेतावर जाऊन बोअरमधली मोटार काढून-सोडून द्यायची, हा धंदा. मालक, दोन मिस्त्री, तीन हेल्पर आणि गल्ल्यावर मालकाचा मेहुणा. या दुकानाचा हिशोब आणि पगारपत्रक माझ्याकडं असतं, त्यामुळं हे प्रकरण पहिल्या फोनपासून शेवटच्या सहीपर्यंत जवळून बघायला मिळालं. गाव, दुकान, माणसं ओळखू येतील असं काही इथं ठेवलेलं नाही.

जानेवारीचा दुसरा आठवडा. अडीच एकर मोसंबी. आंबे बहार, म्हणजे जानेवारी-फेब्रुवारीतला फुलोरा, धरायचा म्हणून डिसेंबरातच पाणी तोडून झाडांना ताण दिलेला होता. आता ताण सोडायचा, आंबवणीचं हलकं पाणी द्यायचं, आणि नेमकी तेव्हाच मोटार पाणी कमी फेकू लागली. शेतकऱ्यानं दुकानात निरोप दिला: मोटार काढून बघा, दुरुस्त होत असली तर करा, नसली तर नवी टाका. मिस्त्री एका हेल्परला घेऊन सकाळी आठला बोअरवर हजर.

बोअर साडेसहा इंची, ४२० फूट. मोटार पाच एचपीची, ३४० फुटांवर सोडलेली, वीस-वीस फुटी जीआय पाइपांवर. म्हणजे सतरा पाइप. काम सगळ्यांनी बघितलेलं आहे. तिपाईला चेनपुली लटकवायची, पाइपाला वरचा क्लॅम्प आवळून माळ एका पाइपाएवढी वर ओढायची, केसिंगच्या, म्हणजे बोअरच्या तोंडाशी बसवलेल्या रुंद पाइपाच्या, तोंडावर खालचा क्लॅम्प लावून सगळा भार त्याच्यावर टेकवायचा आणि मग वरचा पाइप पान्यानं खोलून बाजूला ठेवायचा. पुन्हा तेच. यात एकच नेम कधी मोडायचा नसतो: खालचा क्लॅम्प सॉकेटच्या, म्हणजे दोन पाइप जोडणाऱ्या जाड कड्याच्या, लगेच खाली लागला पाहिजे. मग क्लॅम्पची पकड थोडी ढिली पडली तरी सॉकेट क्लॅम्पवर बसतं आणि पाइप खाली जात नाही.

सहा पाइप निघाले. सहावा बाजूला ठेवून मिस्त्री वरचा क्लॅम्प पुन्हा बांधायला वळला तेवढ्यात खालचा क्लॅम्प पाइपावरून सरकला. सॉकेट आणि क्लॅम्प यांच्यात वीतभर अंतर राहिलेलं होतं. खाली अकरा पाइप, त्यात भरलेलं पाणी आणि मोटार, असं साडेतीनशे-चारशे किलो वजन वीतभर घसरून क्लॅम्पवर आदळलं. बोल्टचे आटे आधीच झिजलेले. एक बोल्ट निसटला, क्लॅम्प फाकला आणि सगळी माळ खाली. केबलनं जाता जाता हेल्परच्या पायाजवळचा पाना उडवला. पोराचा हात दोन मिनिटांपूर्वी त्याच पाइपावर होता.

मोटारीला सेफ्टी दोर नव्हता. सहा वर्षांपूर्वी ज्यांनी ती सोडली त्यांनी बांधलेला दोर मागंच सडून तुटला होता. पहिला पाइप काढतानाच मिस्त्रीच्या हे लक्षात आलं होतं, पण तो बोलला नाही. शेतकऱ्यालाही दोर नसल्याचं माहीत होतं.

आधी पाणी

मिस्त्रीनं दहाएक मिनिटांत दुकानात फोन केला. फोनवर तो जे बोलला ते पुढं फार कामाला आलं, म्हणून जसंच्या तसं सांगतो: "शेठ, क्लॅम्प फाकला. अकरा पाइप अन् मोटार गेली. सॉकेटखाली लागला नव्हता, वीतभर राहिलं होतं. मह्याच हातून झालं." शेठनी पहिलं विचारलं ते मोटार किती फुटांवर गेली हे. पोराला लागलं का, हे त्यांनी तिसऱ्या वाक्यात विचारलं. खरं तर ते पहिलं विचारायचं असतं. पोराची बोटं क्लॅम्पमध्ये आली असती तर पुढची सगळी चर्चा वेगळ्याच कायद्याखाली आणि वेगळ्याच आकड्यांवर झाली असती.

शेठ तासाभरात शेतावर पोचले. तिथं भांडण पेटायला सगळी सामग्री तयार होती. शेतकऱ्याचा थोरला मुलगा, शेजारचे दोघं-तिघं, आणि बोअरच्या तोंडाशी मान खाली घालून बसलेला मिस्त्री. मुलगा म्हणाला, "अडीच लाख भरा, न्हाईतर ग्राहक कोर्टात जातो." शेठना वकिलाला फोन करायचा होता. मी त्यांना एवढंच म्हटलं, की आज पैशाचं काहीच बोलू नका, पाण्याचं बोला.

या माणसाची मोटार गेली, बोअर गेला, हे खरं. पण त्याची झोप उडाली होती ती बागेच्या काळजीनं. काळ्या, खोल जमिनीत ताण आठवडाभर लांबला तर झाड सोसून घेतं. मुरमाड जमिनीत पानगळ लवकर सुरू होते, आणि याच्या रानाचा वरचा निम्मा भाग मुरमाड. शिवाय २०१२-१३ च्या दुष्काळात जालना जिल्ह्यात उभ्या मोसंबीच्या बागा वाळल्या, लोकांनी कुऱ्हाडी लावल्या, ते त्यानं डोळ्यानं बघितलेलं. अशा माणसासमोर "घसारा धरून मोटारीची किंमत किती" हा विषय पहिल्या दिवशी काढणं म्हणजे भांडण ओढवून घेणं.

शेठनी त्याच संध्याकाळी दुकानातली तीन एचपीची मोनोब्लॉक आणि एचडीपीई पाइपाची बंडलं टेम्पोत घातली आणि बांधालगतच्या शेजाऱ्याच्या विहिरीवरून बागेपर्यंत लाईन ओढली. शेजाऱ्याला पाण्याचे पैसे दुकानानं दिले. त्या आठवड्यात गावाला रात्रीची वीज होती, म्हणून मिस्त्री आणि हेल्पर रात्री अकराला स्टार्टर चालू करायला थांबले. दुसऱ्या दिवशी सकाळी आंबवणीचं पाणी बागेत होतं आणि थोरल्या मुलाचा सूर निम्म्यानं उतरला होता. या सगळ्याला साडेसहा हजार रुपये लागले. अख्ख्या प्रकरणात सगळ्यात वसूल झालेले पैसे हेच, असं माझं मत आहे.

मला पाणी पाहिजे, बोअर नको

पुढचे चार दिवस मोटार काढायचे प्रयत्न झाले. आधी बोअरमध्ये कॅमेरा सोडला. दोनशे फुटांच्या आसपास पाइपाचं वरचं टोक तिरपं होऊन भिंतीत रुतलेलं दिसलं, त्याच्याभोवती केबलचा गुंता. जालन्याहून गळ टाकणारी टोळी आणली. गळानं केबल वर आली, पाइप जागचे हलले नाहीत. तिसऱ्या प्रयत्नात वरचं सॉकेट तुटलं. टोळीचा म्होरक्या म्हणाला, आता जोर लावला तर भिंत ढासळून खालचा झराही बुजंल. तिथं थांबले ते बरं झालं. कॅमेरा आणि टोळी मिळून साडेअकरा हजार.

आता पैशाचं बोलणं आलं. इथं एक गोष्ट आधी स्पष्ट करतो, कारण शेठच्या डोक्यात ती बराच काळ गोंधळलेली होती. शेतकऱ्याचं देणं दुकानाचं आहे, मिस्त्रीचं नाही. मिस्त्री दुकानाच्या कामावर होता, दुकानाच्या अवजारांनी काम करत होता, मजुरीचं बिल दुकानाच्या नावानं फाटणार होतं. नोकराच्या हातून कामात नुकसान झालं तर बाहेरच्या माणसाला मालक जबाबदार, हे आपल्याकडच्या न्यायालयांनी पिढ्यान् पिढ्या धरलेलं तत्त्व आहे. ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ खाली जिल्हा आयोगात तक्रार झाली असती तरी सेवेतल्या त्रुटीसाठी समोर दुकानच उभं राहिलं असतं. शेती हे पोट भरायचं साधन असल्यानं 'व्यापारी कारणासाठी सेवा घेतली' हा बचावही अशा ठिकाणी सहसा टिकत नाही. तक्रारीला दोन वर्षांची मुदत, आणि एवढ्या लहान कामाला आयोगाची फीसुद्धा नाही. म्हणजे मुलाची धमकी पोकळ नव्हती.

मेहुण्यानं मात्र एक नामी शक्कल काढली. महाराष्ट्र भूजल (विकास व व्यवस्थापन) अधिनियम, २००९ प्रमाणे शेतीसाठी ६० मीटरपेक्षा खोल बोअर घ्यायला मनाई आहे. ६० मीटर म्हणजे दोनशे फुटाला थोडे कमी. हा बोअर ४२० फूट. "त्यांनाच म्हणा की, तुमचाच बोअर बेकायदा." कायदा त्यानं बरोबर वाचला होता. पण चारशे फूट बोअर आपल्या तालुक्यात कोणाकडं नाही? आणि बोअर किती खोल आहे यावरून क्लॅम्प वीतभर खाली लागला ही गोष्ट बदलत नाही. वर, ज्या दुकानाचा निम्मा धंदा अशाच बोअरवर चालतो त्यानं हा मुद्दा चारचौघांत काढणं म्हणजे बसल्या फांदीवर कुऱ्हाड. शेठनी त्याला गप्प केलं.

बैठक शेतकऱ्याच्या ओसरीवर झाली. गावातले दोन जाणते, शेठ, शेतकरी, मुलगा. शेठनी सुरुवातीलाच कबूल केलं: "दादा, चूक आमच्या माणसाकडून झाली, नुकसान आमचं. किती ते आपण बसून ठरवू." कबुलीनं आपली बाजू लंगडी पडते अशी पुष्कळ व्यापाऱ्यांची समजूत असते. इथं त्या एका वाक्यानं अडीच लाखाचा आकडा कोणी न मागता खाली आला.

अडलं ते भलत्याच जागी. शेठ म्हणाले, नवा बोअर मारून देतो, ४२० फूट, केसिंगसकट. शेतकरी म्हणाला, "मला पाणी पाहिजे, बोअर नको. नव्याला पाणी नाही लागलं तर?" हा प्रश्न मराठवाड्यात हसण्यावारी नेता येत नाही. आपल्याकडचा काळा पाषाण अखंड असेल तर त्यात पाणी नसतं. पाणी असतं ते भेगांत आणि दोन थरांच्या मधल्या जागेत, आणि ती भेग तीस फूट बाजूला असेल की नसेल हे पाणाड्याचा नारळही खात्रीनं सांगत नाही. दोन तास यावरच गेले. शेवटी एका जाणत्यानं तोड काढली: जागा शेतकऱ्यानं निवडायची, एका बोअरचा पूर्ण खर्च दुकानाचा, पाण्याची हमी कोणाचीच नाही. मात्र पाणी पहिल्यापेक्षा बरंच कमी लागलं तर त्या बहारापुरतं शेजाऱ्याच्या विहिरीचं पाणी दुकानानं चालू ठेवायचं. नशिबाचा भाग दोघांनी वाटून घ्यायची ही पद्धत मला फार आवडली. एकट्या मालकावर ढकलला असता तर पुढच्या वेळी कोणी दुकानदार बोअरला हातच लावणार नाही.

दुसरा गुंता नव्या-जुन्याचा. मोटार, पाइप, केबल सहा वर्षं वापरलेली. बदल्यात सगळं कोरं मिळालं तर शेतकऱ्याचा फायदा. जुन्या बाजारातला माल आणून दिला तर त्याच्यावर अन्याय, कारण त्याची जुनी मोटार चालू होती आणि अजून चार वर्षं चालली असती. नवी मोटार ३१ हजार, अकरा पाइप २४ हजार, केबल ९ हजार, असे ६४ हजार झाले. त्यातले २४ हजार शेतकऱ्यानं द्यायचे ठरलं. त्यानं ते बहार विकून द्यायचे. बोअर आणि केसिंग ६१ हजार. आधीचे पाण्याचे आणि गळाचे खर्च धरून एकूण १ लाख ४३ हजार, त्यातून शेतकऱ्याचे २४ वजा जाता दुकानाच्या अंगावर १ लाख १९ हजार. माल दुकानाच्या खरेदी भावानं पडला, त्यामुळं प्रत्यक्ष झळ लाखाच्या थोडी वर.

पाचशेच्या बाँडवर लिहून झालं. यात पुढची मागणी उरली नाही असं शेतकऱ्यानं लिहून दिलं, आणि बहाराचं नुकसान झालं तर फेब्रुवारीअखेर पुन्हा बसायचं असं एक कलम ठेवलं. बहार फुटला. ते कलम वापरावं लागलं नाही.

जुन्या बोअरचं काय, हे बैठकीत कोणी काढलं नव्हतं. उघडे बोअर बुजवणं किंवा पक्कं झाकणं याबद्दल सर्वोच्च न्यायालयाचे २०१० चे निर्देश आहेत, पोरं पडून गेलेल्या घटनांनंतर दिलेले. नव्या बोअरच्याच दिवशी जुना मुरूम-मातीनं भरून घेतला आणि केसिंगवर पत्र्याचं झाकण वेल्डिंग करून टाकलं.

विम्याचं एका ओळीत सांगतो. दुकानाची पॉलिसी होती, पण फक्त आग आणि चोरीची. बाहेरच्यांच्या नुकसानीचं कलम घेतलेलं नव्हतं, आणि घेतलं असतं तरी ज्या वस्तूवर आपणच काम करतोय तिचं नुकसान अशा पॉलिसींतून बहुतेकदा वगळलेलं असतं. घेण्याआधी एजंटकडून तेवढंच कलम वाचून घ्यावं.

वहीतली ओळ

बाहेरचं मिटलं. आतलं प्रकरण मला जास्त अवघड वाटलं.

महिनाअखेरीस पगारपत्रकासाठी वही माझ्याकडं आली. मिस्त्रीचा पगार १७ हजार. त्याच्या नावावर आधीची २२ हजार उचल होती, बहिणीच्या लग्नात घेतलेली, महिना दोन हजारानं वळती होत होती. त्या पानावर नवी ओळ पडली होती: "मोटार, ६०,०००." खाली आकडा ८२ हजार. महिना चार हजार कापायचे असं पेन्सिलीनं बाजूला लिहिलेलं. मिस्त्रीची सही होती. सही त्यानं कशी केली असेल हे विचारायची गरज नव्हती.

उचल ही आपल्याकडं लाजिरवाणी गोष्ट नाही. ऊसतोडीपासून वीटभट्टीपर्यंत, दुकानापासून दवाखान्यापर्यंत, गरजेला मालकाकडून पैसे उचलायचे आणि कामात फेडायचे, असंच चालतं. दिलेली उचल पगारातून वळती करायला कायद्याचीही मुभा आहे. पण उचल म्हणजे माणसाच्या हातात पडलेले पैसे. मिस्त्रीच्या हातात हे साठ हजार कधी पडलेच नव्हते. नुकसानभरपाईला उचलीचं नाव दिलं की ती भरपाई न राहता कर्ज होते, तिला मुदत लागत नाही, चौकशी लागत नाही, आणि "आधी वही मिटव, मग जा" असं म्हणता येतं. हे शेवटचं वाक्य बोलताना मालकांनी १९७६ चा वेठबिगारी निर्मूलनाचा कायदा आठवावा. आपल्या दुकानाला तो शब्द लागू शकतो हे कोणाला पटत नाही, पण खोट्या कर्जानं माणूस कामाला बांधून ठेवणं याच दिशेला जातं.

कपातीचा सरळ कायदा काय म्हणतो ते शेठना कागदावर लिहून दिलं. वेतन संहिता, २०१९ ही २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झाली आहे आणि लहान दुकानही तिच्यातून सुटत नाही. कलम १८ मध्ये कोणत्या कारणांनी पगार कापता येतो त्याची यादी आहे. यादीबाहेरचं कारण चालत नाही. नुकसानीचं कारण यादीत आहे, पण ते असं: कामगाराकडं सांभाळायला म्हणून स्पष्टपणे सोपवलेला माल, किंवा ज्या पैशाचा हिशोब त्यानं द्यायचा तो पैसा, आणि नुकसान थेट त्याच्याच दुर्लक्षामुळं वा कसुरीमुळं झालेलं. कलम २१ म्हणतं, मालकाचं जेवढं नुकसान झालं त्यापेक्षा जास्त कापायचं नाही, त्याला आपलं म्हणणं मांडायची संधी दिल्याशिवाय कापायचं नाही, आणि कापलं तर नोंदवहीत लिहायचं. सगळ्या कपाती मिळून त्या महिन्याच्या पगाराच्या निम्म्यावर जाता कामा नये. दंड लावायचा म्हटला तर त्याला वेगळे नियम आहेत, आणि तो पगाराच्या तीन टक्क्यांच्या वर नाही. १७ हजाराला ५१० रुपये. वाद झाला तर कपात योग्य होती हे सिद्ध करायची जबाबदारी मालकाची. यातलं बरंचसं १९३६ च्या वेतन प्रदान कायद्यातही होतं. फरक एवढाच की तो सगळ्यांना लागू नव्हता.

शेठचा प्रश्न रास्त होता: "मोटार त्याच्याच ताब्यात नव्हती का?" माझं उत्तर, नाही. गोदामाच्या किल्ल्या दिलेला गोदामपाल, बॅग घेऊन वसुलीला गेलेला पोरगा, यांच्याकडं माल आणि पैसा सांभाळायला असतो. बोअरमध्ये लटकलेली गिऱ्हाइकाची मोटार मिस्त्रीला सांभाळायला दिलेली नव्हती, काढायला सांगितली होती. काम करताना वस्तू हाताखाली येणं वेगळं आणि ती राखायला देणं वेगळं. ओढूनताणून ती ताब्यात होती असं धरलं, तरी 'थेट त्याच्याच दुर्लक्षामुळं' हा दुसरा उंबरठा राहतोच.

क्लॅम्प कुणाचा

त्या दुसऱ्या उंबरठ्यासाठी मी मिस्त्रीला लेखी विचारा असं सुचवलं. शेठना वाटलं ही निव्वळ औपचारिकता. मिस्त्रीचं उत्तर एका पानाचं होतं, हेल्परकडून लिहून घेतलेलं. त्यात त्यानं आपलं अंतर मान्य केलं, दोर नसल्याचं बघूनही काम थांबवलं नाही हेही मान्य केलं. आणि पुढं लिहिलं होतं, की दिवाळीत क्लॅम्पचे बोल्ट दाखवून नवा जोड मागितला होता, आणि तीनशे फुटांपेक्षा खोल कामाला नेहमी तिघं जातात, त्या दिवशी दुसरा हेल्पर भोकरदनच्या कामावर पाठवला होता.

शेठनी तो कागद दोनदा वाचला. मग आत जाऊन फाकलेला क्लॅम्प घेऊन आले. टेबलावर ठेवल्यावर सगळ्यांनाच दिसलं. बोल्टचे आटे अर्धे गेलेले, क्लॅम्पच्या आतले दाते गुळगुळीत. नट बोटानं फिरत होता.

आता सांगा, साठ हजारातले किती कोणाचे? अंतर ठेवलं मिस्त्रीनं. पण बोल्ट धड असता तर सॉकेट आदळूनही क्लॅम्पनं माळ धरली असती. दोर असता तर दोन्ही चुकूनही मोटार लटकून राहिली असती. तिसरा माणूस असता तर क्लॅम्पवर एक डोळा राहिला असता. यातल्या एका गोष्टीवर मिस्त्रीचा पूर्ण हात, एकीत अर्धा, बाकी मालकाच्या हातातल्या. नव्या क्लॅम्पच्या जोडाला अडीच-तीन हजार लागले असते.

मेहुण्याचा मुद्दाही ऐकण्यासारखा होता: असंच सोडून दिलं तर उद्या सगळेच मोटारी पाडतील. मला ते पटत नाही. मोटार मुद्दाम कोणी पाडत नाही, चारशे किलो लोखंड पायाशेजारून जातं तेव्हा त्याचाही जीव टांगणीला असतो. उद्या होईल ते वेगळंच. साठ हजाराची ओळ बघितलेला दुसरा मिस्त्री पुढच्या वेळी फोनवर "सॉकेटखाली लागला नव्हता" असं सांगणार नाही. "गिऱ्हाइकाचा पाइपच सडका होता" म्हणेल, आणि आपण ते खरं धरून शेतकऱ्याशी भांडायला जाऊ. पहिल्या दहा मिनिटांत खरं कळलं म्हणून हे प्रकरण एका बैठकीत मिटलं.

मिस्त्रीनं आपण होऊन एक तोड सुचवली होती: सहा महिने रविवारी फुकट काम करतो. शेठना ती फार रुचली, कारण त्यात कोणाचा अपमान नव्हता. पण फुकटचा रविवार हीसुद्धा कपातच, फक्त पगारपत्रकात न दिसणारी. ती नको म्हटलं.

शेवटी असं झालं. वहीतली ओळ खोडली, खोडल्याची दोघांची सही घेतली, उचल पुन्हा २२ हजारांवर आली. लाखाची झळ दुकानाच्या खर्चात पडली. मिस्त्रीला लेखी समज दिली, त्यात अंतराचं आणि दोराचं स्पष्ट लिहिलं, आणि तीन महिने खोल बोअरवर त्यानं दुसऱ्या मिस्त्रीसोबतच जायचं ठरलं, पगाराला हात न लावता. माणूस दारू पिऊन कामावर आला असता, सांगूनही न ऐकता केलं असतं, किंवा नुकसान लपवलं असतं, तर मी वेगळं सांगितलं असतं. तिथं चौकशी आणि कारवाई दोन्ही रास्त.

त्यानंतर

नवा बोअर जुन्यापासून साठ-सत्तर फुटांवर झाला. पाणी लागलं, जुन्यापेक्षा थोडं कमी. मोटार सोडायला शेतकऱ्यानं कोणाला बोलवावं? "तोच मिस्त्री पाठवा. आता त्याच्यासारखा क्लॅम्प कोणी लावणार नाही," असं त्यानं शेठना फोनवर सांगितलं. मुलगा मात्र त्या दिवशी बोअरवर आला नाही.

दुकानात क्लॅम्पचे दोन नवे जोड आले. मोटार काढण्याआधी भरायचा एक कागद मी करून दिला. बोअर किती, मोटार किती फुटांवर, शेवटची कधी काढली, दोर आहे का. दोर नसेल तर गिऱ्हाइकाला तिथंच सांगायचं, की काढताना सुटायची शक्यता आहे, तरी काढायची का, आणि सही घ्यायची. आपल्या माणसाच्या चुकीची जबाबदारी या सहीनं जात नाही, हे शेठना दोनदा बजावलं. सही फक्त दोराबद्दल दोघांना माहीत होतं याची. कागदाच्या दुसऱ्या बाजूला मिस्त्रीसाठी दोन चौकटी आहेत, क्लॅम्प तपासला आणि माणसं तीन. तिसरा माणूस नसेल तर काम दुसऱ्या दिवशी.

कागद गिऱ्हाइकांना आवडलेला नाही. सही म्हटलं की शेतकरी बिचकतो, आणि शेजारच्या दुकानात कोणी सही मागत नाही. मार्चमध्ये दोन कामं त्यापायी गेली, एक तर जुन्या गिऱ्हाइकाचं. मेहुणा म्हणतो कागद बंद करा. शेठनी सहीची चौकट सध्या ठेवली आहे, पण दोर नसलेल्या बोअरला दुकानातर्फे नवा दोर मोटार सोडताना फुकट बांधून द्यायचा, म्हणजे सही मागताना हातात काहीतरी देता येईल, असं आता चाललं आहे.